स्काऊट पथक : सातारा व सांगली जिल्हे

स्काऊट पथक : बालवीर चळवळीचा मूळ घटक. साधारणतः दहा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांचे हे पथक संघपद्धतीवर उभे असते व प्रौढ स्वयंसेवकाच्या देखरेखीखाली चालते. मुलींच्या समांतर घटकास गाईड कंपनी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत सातारा व सांगली जिल्ह्यांतील पथकजीवन आणि ते चालवणाऱ्या स्काऊट मास्तरांचे काम यांचा विचार केला आहे. दोन्ही जिल्हे एकत्र घेण्यास ऐतिहासिक कारण आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. चळवळीच्या मूळ कल्पनेत पथक वस्तीचे असते. भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेतही संस्थेशी जोडलेली आणि मुक्त अशी दोन्ही प्रकारची पथके मान्य आहेत. या भागात मात्र पथक म्हणजे शाळेचे पथक हे समीकरण पक्के झाले असून त्याचे बरेवाईट परिणाम पुढे येतील.

उगम : भारतात या चळवळीचा आरंभ केव्हापासून मानावा याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कॅप्टन टी. एच. बेकर यांनी १९०९ मध्ये बंगळूर येथे काढलेले पथक सामान्यतः पहिले धरले जाते. त्यानंतर १९१०-११ च्या सुमारास खडकी, लोणावळा, जबलपूर, मद्रास, सिमला इ. ठिकाणी पथके निघाली. छावणी, रेल्वे आणि युरोपियन शाळा या वाटेने चळवळ आली, हे या गावांच्या यादीवरूनच दिसते. या पथकांत युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. म्हणून १९०९ हे वर्ष भारतभूमीवरील आरंभाचे असले, तरी भारतीय मुलांच्या चळवळीचे नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप घेणारे १९१३ ते १९१८ या काळातील वेगवेगळ्या प्रयत्नांकडे बोट दाखवतात : मध्य प्रांतात विव्हियन बोस (हे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले), शाहजहानपूर येथे श्रीराम बाजपेयी, १९१६ मध्ये मद्रास येथे ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांची इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन, आणि १९१८ च्या सुमारास अलाहाबादेत मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सेवा समितीची स्काऊट संघटना. कालक्रमाने बोस व बाजपेयी आधीचे ठरतात. परंतु एका गावापुरता प्रयोग आणि अनेक प्रांतांत पसरलेली संघटना यांत भेद करायचा झाल्यास १९१६ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या १९२१ च्या भारतभेटीत बेझंट यांची संघटना मुख्य संघटनेत विलीन झाली. सेवा समिती वेगळीच राहिली. १९३७ मध्ये बेडन-पॉवेल पुन्हा येऊन गेल्यावर भारतीयांच्या शीलासंबंधीच्या त्यांच्या एका विधानावरून वाद उठला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांच्या प्रयत्नांतून या संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्समध्ये एकत्र आल्या व १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्सही त्यांत सामील झाल्या. ७ नोव्हेंबर हा स्थापना दिन शाळाशाळांतून पाळला जातो.

जुन्या सातारा जिल्ह्यात याच दशकांत तरुणांच्या संघटनेचे दुसरे प्रवाह जोरात होते. राष्ट्र सेवा दल १९४१ मध्ये निघाले. १९४२ नंतर प्रतिसरकारचा काळ आला आणि कुंडल परिसरात तुफान सेनेची शिबिरे झाली. गणवेश, शिट्टी, संचलन, शेकोटी ही बाह्य लक्षणे सगळीकडे मिळतीजुळतीच होती. फरक प्रतिज्ञेत होता. ब्रिटिश राजवटीतील स्काऊट प्रतिज्ञेत राजाप्रती कर्तव्याचा उल्लेख असल्याने राष्ट्रवादी घरांतून तिच्याकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. आजच्या प्रतिज्ञेत ईश्वर व देश यांप्रती कर्तव्याचा उच्चार आहे, आणि ईश्वर शब्दाऐवजी धर्म हा शब्द घेण्याची मुभा आहे. नियम नऊ आहेत. बेडन-पॉवेल यांचे मूळ नियमही नऊच होते. दहावा, विचार-उच्चार-आचाराच्या शुद्धतेचा, मागाहून जोडला गेला. भारतीय नियमावलीत तोच नववा आहे.

संघपद्धती : सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा संघनायक व उपनायक, असे संघ मिळून पथक. पथकात सामान्यतः बत्तीसपेक्षा अधिक मुले असू नयेत असा नियम आहे. या पद्धतीचे मूळ १९०७ च्या ऑगस्टमधील ब्राउनसी बेटावरील प्रायोगिक शिबिरात आहे. तेथील मुलांची संख्या कोठे वीस, तर कोठे एकवीस-बावीस दिली जाते. चार संघ होते याविषयी मात्र वाद नाही. लांडगा, बैल आणि रेव्हन व कर्ल्यू हे पक्षी अशी त्यांची नावे होती. इकडे वाघ, सिंह, गरुड, मोर ही नावे रूढ आहेत. गाईडच्या संघांना फुलांची नावे देतात.

पद्धतीचा गाभा असा की मास्तर मुलांना शिकवत नाही. तो संघनायकांना शिकवतो आणि संघनायक आपापल्या संघाला. पथकाचे निर्णय, उदा. सहलीला कोठे जायचे, वर्गणी किती, गैरशिस्तीचे काय करायचे, हे संघनायकांच्या मानसभेत व्हावेत आणि मास्तराने तेथे सल्लागार म्हणून बसावे, अशी अपेक्षा आहे. शिट्टीचे संकेतही याच रचनेवर आधारलेले आहेत : एक लांब शिट्टी म्हणजे शांतता व लक्ष, तीन आखूड व एक लांब म्हणजे फक्त संघनायकांनी यावे. सगळ्या मुलांना बोलावण्याचा संकेत वेगळा आहे.

शाळेच्या चौकटीत नेमका हाच भाग सैल पडतो. साठ मुलांची तुकडी हाताळण्याची सवय असलेल्या शिक्षकास आठ जणांचा कारभार चौदा वर्षांच्या मुलावर सोपवणे जड जाते. वर्गाचा मॉनिटरच संघनायक होतो, हजेरीपटाच्या क्रमाने संघ पडतात आणि मानसभा नोंदवहीपुरती उरते. संचलन, तंबू सजावट, सुबक लॉगबुक यांवर पथकाची पारख करण्याची मेळाव्यातील प्रथाही याला खतपाणी घालते. उलट ज्या पथकांत संघ दोन-तीन वर्षे न मोडता ठेवले जातात, तेथे सामान कमी आणि गणवेश अपुरे असूनही काम नीट चालते. पथकाचा कस संघाच्या टिकाऊपणात पाहावा, हे मत जुन्या प्रशिक्षकांत प्रचलित आहे आणि ते स्वीकारण्याजोगे आहे.

स्काऊट मास्तर : हे पद मानद आहे. प्रत्यक्षात ते बहुधा शारीरिक शिक्षणाच्या किंवा नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाकडे जाते. प्राथमिक शाळेतील कब पथक (लहान मुलांचे पथक) शिक्षिकेने चालवल्यास तिला लेडी कब मास्टर म्हणतात. गाईड कंपनीच्या प्रमुखास गाईड कॅप्टन. मुख्याध्यापकांनी नेमले म्हणून आलेला आणि स्वतः पुढे आलेला, असे दोन प्रकारचे मास्तर सर्वत्र दिसतात. पहिल्याला स्वयंसेवक म्हणावे काय, हा प्रश्न रास्त आहे. तरी नेमणुकीने आलेले कित्येक जण पहिल्या शिबिरानंतर निवृत्तीपर्यंत हे काम सोडत नाहीत.

प्रशिक्षणाचे टप्पे बेसिक, ॲडव्हान्स व हिमालय वुड बॅज असे आहेत. राज्याचे प्रशिक्षण केंद्र भोर येथील रामबागेत असल्याने सातारकरांना ते खंबाटकी घाटापलीकडे, म्हणजे जवळचे. राष्ट्रीय केंद्र पचमढीस आहे. वुड बॅजचा पहिला अभ्यासक्रम इंग्लंडमधील गिलवेल पार्क येथे सप्टेंबर १९१९ मध्ये झाला. कातडी दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी ही त्याची खूण. साहाय्यक प्रशिक्षकास तीन व प्रशिक्षकास चार मणी मिळतात. मूळ मणी झुलू राजा दिनिझुलू याच्या माळेतील होते असे परंपरा सांगते. ही माळ बेडन-पॉवेल यांच्याकडे कशी आली याचे दोन पाठ आहेत : एका पाठानुसार दिनिझुलूने ती भेट दिली, दुसऱ्यानुसार १८८८ च्या झुलूलँड मोहिमेत झुलू लोक सोडून गेलेल्या ठिकाणी ती सापडली. मोहिमेची एकूण परिस्थिती पाहता भेटीचा पाठ नंतरचा व गौरवपर वाटतो. शिबिरातील शेकोटीभोवती मात्र तोच सांगितला जातो.

शिबिरकाळ शिक्षकांसाठी बहुधा कर्तव्यकाळ धरतात. पदरचा खर्च, रात्रीची जाग आणि पालकांना द्यायचा शब्द यांची भरपाई कोणत्याही परिपत्रकात नाही. नोंदणी व नूतनीकरण, संमतिपत्रे, चाचणी शिबिरांचे अर्ज, जिल्हा कार्यालयाच्या फेऱ्या हे कागदकाम अलीकडे इतके वाढले आहे की पथकाचा शनिवार कधीकधी त्यातच संपतो.

दैनंदिन क्रम : आठवड्याची सभा शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर होते. ध्वज, प्रार्थना, गणवेश व नखांची तपासणी, संघ कोपरे, खेळ, एखादे कौशल्य आणि ध्वजावतरण हा क्रम सर्वपरिचित आहे. प्रार्थना व झेंडागीत हिंदीत, सूचना इंग्रजी-मराठी मिश्र आणि रागावणे स्थानिक बोलीत. अभ्यासक्रम प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार असा चढत जातो. व्यायामाच्या भागात बेडन-पॉवेल यांच्या सहा व्यायामप्रकारांऐवजी सूर्यनमस्कार वा आसने चालतात. ज्या औंध संस्थानाच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन ते शाळांतून नेले, त्याचा मुलूख आज मुख्यतः याच दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे (औंध साताऱ्यात, आटपाडी सांगलीत). त्यामुळे येथे पसंती कशाला मिळते हे वेगळे सांगायला नको.

सहलीसाठी अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड, वैराटगड, कऱ्हाडकडे वसंतगड व सदाशिवगड. सांगलीकडे दंडोबाचा डोंगर आणि देवराष्ट्र्याजवळील सागरेश्वर. वाटेवर दगड, काड्या व गवताच्या गाठींनी मार्गखुणा मांडतात. वर्तुळ व मध्ये टिंब ही ‘घरी गेलो’ अशी शेवटची खूण. बेडन-पॉवेल यांच्या केनियातील न्येरी येथील समाधीवर तीच कोरलेली आहे.

शिबिरे डिसेंबर ते फेब्रुवारीत घेतात. तळाची निवड हा या भागात खरा कसोटीचा विषय आहे. महाबळेश्वरी वर्षाला सुमारे ६,००० मिमी पाऊस, तर माण, आटपाडी, जत या तालुक्यांत ५०० मिमीच्या आसपास. पश्चिमेला पाणी व झाड मुबलक, पण वाळल्या गवतामुळे विस्तवाची धास्ती. पूर्वेला मैदान हवे तेवढे, पण पन्नास मुलांच्या अंघोळीचा प्रश्न टँकरवर येतो. म्हणून पूर्वेकडील पथके विहीर असलेल्या शाळेचे वा देवस्थानाचे आवार पसंत करतात. तंबूंच्या तळावर बांबू व सुतळीने ताटाळे, चपलांचे स्टँड, प्रवेशद्वार बांधतात. त्यासाठी क्लोव्ह हिच या गाठीने सुरुवात व शेवट करून चौकोनी बांधणी घालायची असते. बिनभांड्याचा स्वयंपाक ही स्पर्धा विशेष लोकप्रिय असून निखाऱ्यातील वांगी, बटाटे, कांदे आणि पानात गुंडाळून भाजलेली भाकरी हे तिचे ठरलेले पदार्थ.

प्रथमोपचार व दोरकाम हे विषय कृष्णाकाठी केवळ चाचणीपुरते राहत नाहीत. २००५ व २०१९ च्या महापुरांनंतर आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हा सांगलीत घराघरांतील बोलण्याचा विषय झाला आहे. मात्र अल्पवयीन स्काऊटला प्रत्यक्ष पाण्याजवळ न नेता कपडे निवडणे, शिधा बांधणे, निवारा केंद्रात पाणी देणे एवढ्यापुरतेच काम द्यावे, हे मास्तराने पाळायचे पथ्य आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा असल्याने उत्तर साताऱ्यातील पथकांना सेवेची संधी आषाढात दारातच मिळते.

खरी कमाई : स्काऊटने श्रम करून पैसे मिळवावेत, मागून नव्हे, या तत्त्वावरील उपक्रम. ब्रिटनमध्ये १९४९ पासून चाललेल्या ‘बॉब-अ-जॉब’ आठवड्याशी त्याचे नाते सांगितले जाते. तेथील मुले शेजाऱ्यांकडे जाऊन एका शिलिंगच्या मोबदल्यात गाडी धुणे, बाग साफ करणे अशी कामे करीत. आपल्याकडे त्याचे रूप पालटून शाळेच्या पटांगणातील खाद्यपदार्थांचा बाजार असे झाले : भेळ, वडापाव, ताक, उकडलेल्या शेंगा, आणि हिशोबाची वही सांभाळणारा संघनायक. पदार्थ आईने करून दिलेला असेल तर कमाई कोणाची, हा प्रश्न परीक्षक क्वचितच विचारतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद घेतले आणि वसतिगृहातील मुलांना श्रमावर शिकवले. ही परंपरा असलेल्या जिल्ह्यांत शेतावर, रोपवाटिकेत, ग्रंथालयात मजुरीचे तास भरून केलेली खरी कमाई अधिक शोभते, आणि काही पथके ती तशी करतातही.

पथकाचे वय : दहावी झाली की मूल शाळा सोडते आणि त्याबरोबर पथकही. सतरापर्यंतची वयोमर्यादा त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षीच संपते व सर्वांत तयार संघनायक दर उन्हाळ्यात बाहेर पडतात. ऊसतोडीच्या हंगामात आलेल्या कुटुंबांतील मुले वर्गात बसतात, पण सोपानांच्या चाचण्यांसाठी लागणारे सलग महिने त्यांना मिळत नाहीत. पुढील रोव्हर शाखा पंचवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी आहे. महाविद्यालयांत मात्र एन.सी.सी. (१९४८) व राष्ट्रीय सेवा योजना (१९६९) यांनी ती जागा आधीच व्यापली असल्याने रोव्हर क्रू मोजकेच आढळतात. मुक्त पथक, म्हणजे शाळेऐवजी गल्ली, वसाहत वा तालीम यांच्या आधाराने चालणारे पथक, हा त्यावरील उपाय नियमावलीत उपलब्ध आहे. दोन्ही जिल्ह्यांत तालीम मंडळांचे जाळे दाट असूनही त्याचा वापर फारसा झालेला नाही.