आगाऊ निर्देशपत्र डॉक्टरांना कुठवर बांधते?

‘मला शॉक देऊ नयेत. मागच्या वेळी हॅलोपेरिडॉलने मान आखडून वाकडी झाली होती, म्हणून ते औषध नको. माझ्या वतीने भावाला नव्हे, मावशीला विचारावे.’ आजार ओसरल्यावर एखाद्या रुग्णाने असे लिहून ठेवले, तर ती केवळ घरच्यांसाठीची चिठ्ठी राहत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 नुसार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला, पूर्वी मनोविकार झालेला असो वा नसो, विहित पद्धतीने आगाऊ निर्देशपत्र, म्हणजे पुढे स्वतः ठरवता आले नाही तर कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच सांगणारे पत्र, करता येते, आणि निर्णयक्षमता गेल्यापासून ती परत येईपर्यंत ते लागू राहते.

कलम 10 नुसार वैध निर्देशपत्राला धरूनच उपचार करण्याचे कर्तव्य रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञावर आहे. त्यातली इच्छा चुकीची वाटली, तरी ती परस्पर बाजूला सारण्याची मुभा त्यांना नाही. नातेवाइकांच्या आग्रहावरून तर नाहीच. डॉक्टर असोत वा नातेवाईक, ज्याला निर्देश पाळायचे नाहीत त्याने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करायचा. मग पत्र स्वेच्छेने आणि पुरेशी माहिती घेऊन लिहिले होते का, लिहिताना निर्णयक्षमता शाबूत होती का, आजची परिस्थिती तेव्हा गृहीत धरलेलीच आहे का, हे मंडळ सर्वांचे म्हणणे ऐकून ठरवते. कायद्याचे उल्लंघन पहिल्यांदा सिद्ध झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जीव धोक्यात असेल अशा तातडीच्या उपचारांना मात्र निर्देशपत्र आड येत नाही. ही सवलत साधारणपणे 72 तासांपुरती असते, आणि तेवढ्यातही वरच्या चिठ्ठीतली पहिली ओळ अबाधित राहते, कारण तातडीचा उपचार म्हणून शॉक देण्यास कायद्यानेच मनाई आहे.

खरी अडचण मला दुसरीकडेच दिसते. निर्देशपत्राची प्रत मिळालीच नसेल, तर ते न पाळल्याबद्दल डॉक्टरांना जबाबदार धरता येत नाही, आणि ती वेळेवर पोहोचवण्याचे काम कायद्याने लिहिणाऱ्यावर व त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीवरच (वरच्या चिठ्ठीतल्या मावशीसारख्या, त्याने स्वतः नेमलेल्या व्यक्तीवर) टाकले आहे. मंडळाने ऑनलाइन नोंदवही ठेवावी अशी तरतूद आहे खरी. पण रात्री दोन वाजता पोलिसांच्या गाडीतून उतरवलेला, स्वतःचे नावही नीट न सांगणारा माणूस त्या नोंदवहीत शोधायचा कसा? म्हणून एक प्रत मावशीकडे आणि दुसरी नेहमीच्या रुग्णालयातल्या केसपेपरला जोडून ठेवलेली बरी.