केनियातील दूरध्वनी व मोबाइल जाळे

पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशात दूरध्वनीची तार बहुसंख्य घरांपर्यंत कधी पोहोचलीच नाही. तेथील बहुतेक कुटुंबांच्या हाती आलेला पहिला फोन मोबाइलच होता आणि पुढे त्याच मोबाइलने बँकेचेही काम अंगावर घेतले. स्वाहिली भाषेत दूरध्वनीला ‘सिमू’ म्हणतात. हा शब्द तार या अर्थाच्या फारसी ‘सीम’वरून आला असल्यामुळे बिनतारी यंत्रालाही तेथे तारेचेच नाव मिळाले आहे. देशाचा आंतरराष्ट्रीय संकेतांक २५४ आहे. मात्र केनिया, युगांडा व टांझानिया या शेजाऱ्यांना परस्परांशी बोलण्यासाठी अनुक्रमे ००५, ००६ व ००७ असे छोटे संकेतांक दिलेले आहेत.

या तीन देशांची टपाल व दूरसंचार सेवा एकत्र चालत असे. १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय ही त्यांची संघटना मोडली, तेव्हा केनियाने स्वतःचे टपाल व दूरसंचार महामंडळ स्थापन केले. दूरध्वनी जोडण्या मुख्यतः नैरोबी, मोंबासा यांसारख्या शहरांत एकवटल्या होत्या, नव्या जोडणीसाठी दीर्घकाळ ताटकळावे लागे आणि तांब्याच्या तारांच्या चोऱ्यांमुळे असलेल्या जोडण्याही वारंवार बंद पडत. १९९८ च्या कायद्यानुसार १९९९ मध्ये महामंडळाचे विभाजन होऊन टपाल, दूरध्वनी (टेलकॉम केनिया) आणि नियामक आयोग असे तीन भाग झाले.

मोबाइल सेवा त्याआधी, १९९३ मध्ये, महामंडळाचाच एक विभाग म्हणून अ‍ॅनालॉग तंत्रावर सुरू झाली होती. पण ती धनिकांपुरतीच राहिली. या विभागाची १९९७ मध्ये सफारीकॉम ही कंपनी झाली. २००० मध्ये ब्रिटनच्या व्होडाफोनने तिच्यात ४० टक्के भाग घेतला, आणि त्याच वर्षी केनसेल ही प्रतिस्पर्धी कंपनी बाजारात उतरली. केनसेल मिनिटाच्या हिशेबाने पैसे आकारत असे, तर सफारीकॉमने सेकंदाचा हिशेब ठेवला. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. परंतु निरोपापुरते दोन वाक्ये बोलून फोन ठेवणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने तोच निर्णायक होता. लहान रकमेची स्क्रॅच कार्डे, आपल्या खात्यातील बोलण्याचे पैसे दुसऱ्याला देण्याची ‘सांबाझा’ सोय आणि पैसे संपल्यावर उसनवारी देणारी ‘ओकोआ जहाझी’ (अर्थ : जहाज वाचवा) या गोष्टीही त्याच जातीच्या होत. सफारीकॉमच्या यशाचे श्रेय तंत्रज्ञानाइतकेच या सुट्या पैशांच्या व्यापाराला द्यावे लागते.

६ मार्च २००७ रोजी सफारीकॉमने सुरू केलेली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा या जाळ्याची सर्वांत मोठी ओळख ठरली. नावातील ‘एम’ मोबाइलचा, तर ‘पेसा’ म्हणजे पैसे. हा स्वाहिली शब्द हिंदी महासागरावरील जुन्या व्यापारातून गेलेला आपला ‘पैसा’च मानला जातो. २००५ च्या चाचणीत ही योजना सूक्ष्मकर्जांचे हप्ते फेडण्यासाठी आखली होती. पण लोक ती एकमेकांना पैसे पाठवण्यासाठी वापरू लागले, म्हणून शहरातून गावी पैसे पाठवणे हाच तिचा मुख्य हेतू ठरवण्यात आला. ग्राहक कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे, म्हणजे एजंटाकडे, रोख रक्कम देतो. ती ग्राहकाच्या सिमवरील खात्यात जमा होते. तो साध्या फोनवरील यादीतून रक्कम व गुप्त क्रमांक भरून ती पाठवतो. आणि पाठवणारा व घेणारा अशा दोघांनाही संदेश येताच गावचा एजंट रोख पैसे मोजून देतो. ग्राहकांची मूळ रक्कम बँकांतील विश्वस्त खात्यांत ठेवली जाते. यासाठी इंटरनेट लागत नाही. गमतीचा भाग असा की या सेवेचे सर्व्हर २०१५ पर्यंत जर्मनीत होते, त्यामुळे एकाच गल्लीतील दोन शेजाऱ्यांचा व्यवहारही युरोपला वळसा घालून येत असे.

सफारीकॉमला टक्कर देणाऱ्यांची कथा बरीचशी नावे बदलण्याची आहे. केनसेलची सेल्टेल झाली, सेल्टेलची झेन, आणि २०१० मध्ये भारती एअरटेलने झेनचा आफ्रिकेतील बहुतांश व्यवसाय घेतल्यावर एअरटेल. मुंबईच्या एस्सार समूहाचा भाग असलेली ‘यू’ ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली, पण २०१४ मध्ये ती गुंडाळून तिची मालमत्ता सफारीकॉम व एअरटेल यांनी वाटून घेतली. २०१० मध्ये नियामकाने एका जाळ्यातून दुसऱ्यात कॉल पोहोचवण्याचे शुल्क मिनिटाला ४.४२ शिलिंग (केनियाचे चलन) वरून २.२१ शिलिंगवर आणल्यानंतर दरयुद्ध पेटले आणि २०११ मध्ये क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोयही आली. तरीही सफारीकॉमचे वर्चस्व ढळले नाही, कारण पैसे ज्या जाळ्यावर आहेत ते सोडण्यास ग्राहक तयार नव्हता. एका कंपनीच्या मोबाइल खात्यातून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात थेट पैसे पाठवण्याची सोय २०१८ मध्ये, म्हणजे बऱ्याच उशिरा झाली.

इंटरनेटसाठी देश २००९ पर्यंत महागड्या उपग्रह जोडणीवर अवलंबून होता. त्या वर्षी मोंबासाच्या किनाऱ्यावर सीकॉम आणि टीम्स या समुद्राखालील केबल येऊन पोहोचल्या. टीम्स ही संयुक्त अरब अमिरातीतील फुजैराहपासून टाकण्यात आली असून तिच्यात केनिया सरकारचाही वाटा होता. ४जी सेवा २०१४ मध्ये आली.

देशातील सिमकार्डांची संख्या आता लोकसंख्येहून अधिक असली, तरी उत्तरेकडील तुर्काना, मार्साबिट, वाजीर व मांडेरा या विरळ वस्तीच्या कोरड्या प्रदेशांत जाळे तुटकच आहे. तेथे विजेअभावी मनोरे डिझेल वा सौरऊर्जेवर चालवावे लागतात, आणि सोमालियाच्या सीमेलगत अल-शबाब या दहशतवादी संघटनेने ते वेळोवेळी उद्ध्वस्त केले आहेत. कंपन्यांना न परवडणाऱ्या अशा भागांसाठी सार्वत्रिक सेवा निधी उभारण्यात आला आहे. २०२० मध्ये टेलकॉम केनियाने लून या कंपनीच्या साहाय्याने स्थितांबरात (वातावरणाच्या वरच्या थरात) तरंगणाऱ्या फुग्यांवरून ४जी सेवा देऊन पाहिली. पण पुढच्याच वर्षी लूनने आपला कारभार आटोपता घेतला आणि फुगे उतरवले गेले.