कर्णनाद आणि चिंता

कर्णनाद आणि चिंता : बाहेर कोणताही ध्वनी होत नसताना एका किंवा दोन्ही कानांत शिट्टी, किरकिर, घूं-घूं किंवा वाफ सुटल्यासारखा आवाज ऐकू येत राहणे याला कर्णनाद म्हणतात. ‘कानात रातकिडे ओरडतात’, ‘कान घुमतो’ अशा शब्दांत रुग्ण तो सांगतात. ही संज्ञा आयुर्वेदातील असून भेरी, मृदंग, शंख यांसारखे नाद कानात ऐकू येणे असे तिचे लक्षण माधवनिदान या रोगनिदानावरील जुन्या ग्रंथात दिले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक संकलनानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनादाचा अनुभव आहे, तर त्याचा तीव्र त्रास सुमारे २ टक्के प्रौढांना होतो. म्हणजे कानात आवाज असलेल्या सात जणांपैकी साधारण एकाचेच जगणे त्याने विस्कटते. उरलेल्या सहा जणांचे का विस्कटत नाही, या प्रश्नाच्या उत्तरात चिंतेचा वाटा मोठा आहे.

हे उत्तर आवाजाच्या मोठेपणात सापडत नाही. श्रवणतज्ज्ञ रुग्णाला यंत्रातून वेगवेगळे स्वर ऐकवून त्यांतील कोणता त्याच्या आतल्या आवाजाएवढा आहे हे विचारतात, तेव्हा बहुतेकांचा आवाज त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीच्या ५ ते १० डेसिबलच वर भरतो, आणि हा आकडा व रुग्णाचा त्रास यांचा मेळ सहसा बसत नाही. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी श्रवण उत्तम असलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले असता त्यांतील ९४ टक्के जणांनी कसला ना कसला आवाज ऐकू आल्याचे सांगितले. पूर्ण शांततेत जवळजवळ प्रत्येकालाच काहीतरी ऐकू येते. बहुतेक जण त्याकडे लक्ष देत नाहीत, इतकेच.

आवाजाची सुरुवात बहुधा अंतर्कर्णात होते. तेथील शंखाच्या आकाराच्या नळीत ध्वनी टिपून त्याचा संदेश मेंदूकडे धाडणाऱ्या सुमारे १५,००० केशपेशी असतात आणि एकदा मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. वाढते वय, काही औषधे आणि गोंगाट ही त्यांच्या नाशाची नेहमीची कारणे होत. नाशिक जिल्ह्याचेच उदाहरण घेतले, तर तिथे गोंगाटाला तोटा नाही. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील प्रेसशॉप, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ट्रॅक्टरला जोडलेले फवारणीचे ब्लोअर, देवळालीच्या तोफखान्याचा सराव, आणि वाकडी बारवेपासून निघणाऱ्या गणेश विसर्जन मिरवणुकीतील ढोलपथके ही सहज आठवणारी उदाहरणे. कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. ढोलाच्या पुढ्यात उभ्या राहणाऱ्याला अशी मर्यादा कोणी घालून देत नाही. मराठीत ज्याला ‘कानठळ्या बसणे’ म्हणतात ती अवस्था म्हणजे केशपेशींना तात्पुरता आलेला थकवा. तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण वारंवार होत राहिल्यास नुकसान कायमचे होते. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदूतील श्रवणकेंद्रे ती उणीव भरून काढण्यासाठी आपली संवेदनशीलता वाढवतात आणि त्या वाढलेल्या संवेदनशीलतेतून नसलेला आवाज उमटतो, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

चिंतेचा प्रवेश यानंतर होतो. पावेल जास्त्रेबॉफ या संशोधकाने १९९० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार श्रवणमार्गावरून आलेला संदेश भावना आणि भय यांच्याशी संबंधित मेंदूकेंद्रांनी ‘धोका’ म्हणून नोंदवला, की आपल्या इच्छेविना चालणारी स्वायत्त चेतासंस्था जागी होते : छाती धडधडते, स्नायू ताठरतात, झोप उडते. धोक्याच्या सूचनेकडे लक्ष ठेवणे हे मेंदूचे कामच असल्याने लक्ष पुन:पुन्हा त्या आवाजाकडे वळते, लक्ष दिल्याने तो अधिक ठळक होतो आणि ठळक झाल्याने भीती वाढते. घराजवळून जाणाऱ्या रेल्वेचा आवाज महिनाभरात ऐकू येईनासा होतो, कारण मेंदूने तो बिनमहत्त्वाचा ठरवलेला असतो. कर्णनादाच्या बाबतीत हे सरावणे चिंतेमुळे अडते, हा विचार संशोधक हॅलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच मांडला होता.

चिंतेमुळे कर्णनाद होतो की कर्णनादामुळे चिंता, हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. अमेरिकेतील २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या विश्लेषणात कर्णनाद असलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के जणांनी, तर नसलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के जणांनी मागील वर्षभरात चिंतेचा त्रास झाल्याचे सांगितले. अशा पाहणीतून दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात एवढेच कळते. आधी कोणती आली ते कळत नाही. उपचार करणाऱ्यांचा अनुभव असा, की संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. कर्ज, आजारपण किंवा घरातील मृत्यू यांच्या काळात कित्येक वर्षांचा जुना किरकिराट पहिल्यांदा जाणवू लागतो. उलट अचानक सुरू झालेल्या आवाजाने एरवी धीराचा माणूसही महिनाभरात रडकुंडीला येतो. काढणीला आलेला द्राक्षमाल बागेत आणि आभाळात अवकाळीचे ढग, अशा रात्री निफाडच्या शेतकऱ्याचा कान अधिक वाजला, तर त्याचे कारण कानातच शोधणे अपुरे ठरेल.

रात्र हीच कर्णनादाची सर्वांत वाईट वेळ असते. आजूबाजूचे आवाज थांबल्यामुळे आतला आवाज उठून दिसतो, अंथरुणावर मनाला दुसरा उद्योग नसतो आणि ‘आज तरी झोप लागेल का’ ही धास्तीच झोप घालवते. चिंतेत दात आवळून धरण्याची सवय अनेकांना असते. जबडा आणि मान यांच्याकडून येणारे चेतातंतू मेंदूच्या बुंध्यातील श्रवणकेंद्रापर्यंत पोहोचत असल्याने त्या स्नायूंच्या ताणाने आवाजाची पट्टी वा जोर बदलू शकतो. भीतीपोटी काही जण दिवसभर कानात बोळे घालून बसतात. गोंगाटात ते योग्यच. शांत घरात मात्र त्याने कान आणखी हळवा होतो.

प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते दवाखान्यात सर्रास ऐकू येणारी दोन वाक्ये या दुष्टचक्राला हातभार लावतात : ‘टेन्शनमुळे आहे’ आणि ‘याला औषध नाही, सवय करून घ्या’. दोन्ही अर्धसत्य आहेत. पहिल्याने आपल्याला खोटे ठरवले असे रुग्णाला वाटते, दुसऱ्याने जन्मठेप सुनावल्यासारखे. काहींना तर वेड लागण्याची भीती वाटते. (इंग्रजी बोलीतील ‘डूलॅली’, म्हणजे डोके फिरलेला, हा शब्द देवळालीच्या छावणीवरून आला आहे, तिथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाच्या प्रतीक्षेत सैनिकांचे दिवस रिकामे जात.) बोलणारे, आज्ञा देणारे आवाज ऐकू येणे हा श्रवणभ्रम असून त्याची तपासणी वेगळी असते; शिट्टी वा किरकिर ऐकू येणे हे वेडाचे लक्षण नव्हे.

चिंतेवर बोट ठेवण्यापूर्वी कान तपासलाच पाहिजे. साधा मळही कर्णनादाला पुरतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पुढील तपासण्या आवश्यक ठरतात. तीन दिवसांच्या आत एका कानाचे ऐकणे अचानक कमी होणे ही तातडीची अवस्था आहे, कारण तिच्यावर स्टेरॉइडचा उपचार लवकर सुरू करावा लागतो. जेन्टामायसिन, अमिकासिन, सिस्प्लॅटिन आणि मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन यांनीही कान वाजू शकतो, म्हणून चालू औषधांची चौकशी करतात.

कर्णनाद बंद करणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. चिंतेवरील औषधे चिंतेपुरती उपयोगी पडतात. बेन्झोडायझेपिन या चिंता शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या गटातील गोळ्यांची मात्र सवय लागते आणि त्या एकदम सोडल्यास कर्णनाद वाढू शकतो. ऐकणे कमी झालेल्यांना श्रवणयंत्राचा दुहेरी लाभ होतो : ऐकणे सुधारते आणि आतला आवाजही मागे पडतो. रात्री पंखा किंवा पावसाचा ध्वनी मंद ठेवावा, पण आतला आवाज पूर्ण बुडेल एवढा नको, कारण जे ऐकूच येत नाही त्याला मेंदू सरावत नाही. सर्वांत भक्कम पुरावा बोधात्मक वर्तनोपचाराचा आहे. कॉक्रन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात त्याच्या २८ अभ्यासांतील २,७३३ जणांचा विचार केला असून उपचाराअखेर त्रास कमी झाल्याचे दिसते. यात ‘मी बहिरा होणार’, ‘मला आता कधीच झोप लागणार नाही’ यांसारखे विचार पुराव्यावर तपासून पाहायला आणि टाळलेली कामे पुन्हा सुरू करायला शिकवतात. चिंता असह्य झाल्यास १४४१६ या टेली-मानस (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा) क्रमांकावर नि:शुल्क बोलता येते.

उपचाराचे मोजमाप १९९६ पासून वापरात असलेल्या २५ प्रश्नांच्या, ० ते १०० गुणांच्या प्रश्नावलीने करतात; जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. गुण साठावरून वीसवर आले, तरी ध्वनिजुळणीच्या यंत्रावर त्याच रुग्णाचा आवाज पूर्वीइतकाच भरू शकतो.