आर्चबिशपांचे अंत्यदर्शन आणि नागपूर : एक पार्श्वभूमी

नागपूर महाधर्मप्रांताचे आर्चबिशप अब्राहम विरुथकुलंगरा यांचे १९ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत आकस्मिक निधन झाले आणि सदर भागातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलकडे, म्हणजे आर्चबिशपांच्या मुख्य चर्चकडे, शहराचे लक्ष वेधले गेले. ते ७४ वर्षांचे होते. कॅथोलिक कायद्यानुसार बिशपाने वयाच्या ७५ व्या वर्षी पोपकडे राजीनामा सादर करावयाचा असतो, आणि ५ जून १९४३ रोजी केरळात जन्मलेल्या अब्राहम यांच्यासाठी तो दिवस दोन महिन्यांच्या आत होता. खंडव्याचे पहिले बिशप म्हणून १९७७ मध्ये नेमणूक आणि १९९८ पासून नागपूरचे आर्चबिशपपद, अशी चार दशकांची कारकीर्द त्यांनी मध्य भारतातच घालवली. पदावर असतानाच मृत्यू आल्यामुळे हा शोक एका निवृत्त धर्मगुरूचा न राहता संपूर्ण धर्मप्रांताचा ठरला.

बिशपाचे अंत्यदर्शन सार्वजनिक असण्यामागे चर्चची स्वतःची व्यवस्था आहे. सध्याच्या धर्मसंहितेतील, म्हणजे चर्चच्या कायद्यातील, १२४२ व्या कलमानुसार चर्चच्या इमारतीत दफन करण्यास एरवी मनाई आहे. अपवाद फक्त पोप, कार्डिनल आणि धर्मप्रांताचे बिशप यांचा, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या चर्चपुरता. पार्थिवावर मिस्सेची, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनाविधीची, वस्त्रेच चढवली जातात. आर्चबिशपाच्या बाबतीत त्यांवर पोपकडून मिळालेला पॅलियम, म्हणजे काळे क्रूस विणलेला पांढऱ्या लोकरीचा अरुंद पट्टा, खांद्यांभोवती असतो आणि तो त्यांच्यासोबतच पुरला जातो. पेटी ठेवण्याची दिशासुद्धा रूढीने ठरलेली आहे: सामान्य भाविकाचे तोंड वेदीकडे असते, तर धर्मगुरूचे लोकांकडे, कारण हयातभर तो त्यांच्याकडे तोंड करूनच उभा राहिलेला असतो. दर्शनाला येणाऱ्याने हे नियम वाचलेले नसले, तरी आपल्याकडे तोंड केलेला तो माणूस त्याला दिसतोच.

मात्र विदर्भात कॅथोलिक समाज लोकसंख्येच्या मानाने अगदी छोटा आहे, आणि चर्चबाहेरचे लोक या शोकात का सामील होतात हे धर्मसंहितेतून कळत नाही. त्यासाठी कामठीपर्यंत मागे जावे लागते. १८२१ मध्ये वसलेल्या कामठीच्या छावणीत मद्रास लष्कराच्या पलटणी असत, आणि त्यांतील कॅथोलिक शिपायांसाठी विशाखापट्टणमहून येणारे फ्रेंच पाद्री हीच येथील मिशनची सुरुवात. फ्रान्समधील आन्सी येथे स्थापन झालेला सेंट फ्रान्सिस डी सेल्सचा त्यांचा हा धर्मसंघ १८४० च्या दशकाच्या मध्यात हिंदुस्थानात आला होता. पुढे १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, नागपूर इंग्रजी अमलाचे ठाणे बनले आणि मिशनचा मुक्काम शहरात पक्का झाला. १८७० मध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्स (एसएफएस) शाळा सुरू झाली. स्वतंत्र धर्मप्रांत मात्र १८८७ मध्ये, आलेक्सिस रिकाझ यांच्या बिशपपदाखाली, अस्तित्वात आला. म्हणजे शाळा आधी आणि बिशप सतरा वर्षांनी. हा क्रम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण नागपूरकर कुटुंबांनी चर्चला वेदीपेक्षा वर्गातून अधिक ओळखले. (हिस्लॉप कॉलेजही अनेकांच्या बोलण्यात याच खात्यावर जमा होते, प्रत्यक्षात ते स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनचे.) रोज सकाळी सेमिनरी हिल्सवर फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या टेकडीवरील सेंट चार्ल्स सेमिनरीची, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाची, आठवण असते, हा प्रश्न वेगळा.

हे नाते नेहमी सुरळीत राहिले असे नाही. नागपूर ही तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि त्याच सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. १९५६ च्या अहवालात परदेशी मिशनऱ्यांवर आणि धर्मांतराच्या पद्धतींवर कठोर टीका आहे, आणि तिचे पडसाद आजही राजकारणात उमटतात. गंमत अशी की धर्मप्रांताचे नेतृत्व तोवर भारतीयांकडे आलेले होते: युजिन डिसूझा १९५१ मध्ये बिशप झाले आणि १९५३ मध्ये नागपूरला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाल्यावर तेच पहिले आर्चबिशप ठरले. ज्या शहरातून तो अहवाल निघाला, त्याच शहरातील मिशनच्या शाळांपुढे प्रवेशासाठी पालकांची रांग कधी ओसरली नाही.

शोकाचे आजचे रूप घडवले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ दरम्यान रोममध्ये भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने. तोवर अंत्यविधी लॅटिनमध्ये होत, वस्त्रे काळी असत आणि न्यायाच्या दिवसाचे भय जागवणारे स्तोत्र गायिले जाई. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने सांगितले की दफनविधीतून पुनरुत्थानाची आशा अधिक स्पष्ट दिसावी आणि वस्त्रांच्या रंगासह सर्व बाबतींत स्थानिक परंपरा लक्षात घ्यावी. १९६९ मध्ये नवा अंत्यविधी आला, आणि त्याच वर्षी उपासनेत भारतीय रीती आणणाऱ्या बारा बदलांना रोमची मंजुरी मिळाली. पादत्राणे बाहेर काढणे, मांडी घालून बसणे, आरती, उदबत्ती आणि पंचांग प्रणाम हे सारे त्यांत आहे. पार्थिवापुढे हात जोडून फूल वाहणाऱ्या हिंदू माजी विद्यार्थ्याला त्यामुळे कोणाकडून विधी समजून घ्यावा लागत नाही.

राज्यसंस्थेचा सहभाग ही याहून वेगळी परंपरा. सप्टेंबर १९९७ मध्ये कोलकात्यात मदर तेरेसांना शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या मृत्यूनंतर २००५ मध्ये, आणि २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस गेल्यावर, भारत सरकारने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. फ्रान्सिस यांनी आदल्याच वर्षी पोपचा अंत्यविधी साधा करून, सुरूचे लाकूड, शिसे आणि ओक यांच्या तीन पेट्यांऐवजी एकच लाकडी पेटी ठरवली होती. आर्चबिशपाच्या निधनावर असा राष्ट्रीय दुखवटा नसतो. त्यांच्यासाठी सुट्टी, मूक मिरवणूक किंवा स्मृतिसभा होते ती स्थानिक पातळीवर, शाळा आणि पॅरिशांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायांच्या, पुढाकाराने.

आणि हा शोक फार लांबवता येत नाही, कारण बिशपाचे निधन होताच पद रिक्त होते आणि सल्लागार मंडळाला आठ दिवसांच्या आत प्रशासक निवडावा लागतो. नागपूरला नवा आर्चबिशप २०१८ च्या डिसेंबरात मिळाला: अमरावतीचे बिशप एलियास गोन्साल्विस.