अल्फा ०.९ आला, मग पुनर्चाचणी कशाला?

नाक बंद राहण्याचा त्रास मोजणारी 'नोज' ही प्रश्नावली २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. प्रश्न पाचच, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरजेला ५ ने गुणलं की ० ते १०० मधला आकडा मिळतो. ती अरबीत आणताना दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, उलट भाषांतर (अरबीतून परत इंग्रजीत) आणि मोजक्या रुग्णांवर चाचपणी झाली की आकडेमोडीची पाळी येते. 'विश्वासार्हता' या एकाच नावाखाली इथे दोन निराळे आकडे येतात: क्रॉनबाखचा अल्फा आणि पुनर्चाचणीचा, म्हणजे त्याच रुग्णाला पुन्हा विचारून काढलेला आकडा.

क्रॉनबाखचा अल्फा एकाच बैठकीत निघतो. पाचही उत्तरं एकमेकांबरोबर वरखाली होतात का, एवढंच तो सांगतो. ०.७० ते ०.९५ ही मान्य कक्षा. पण 'नोज'चे पहिले दोन प्रश्न, नाक चोंदणं आणि नाकात अडथळा, अरबी रुग्णाला जवळजवळ एकच वाटू शकतात. मग तो दोन्हींना सारखेच गुण देतो आणि अल्फा आयताच फुगतो. निरोगी माणसं त्याच हिशोबात मिसळली तर आणखी फुगतो. प्रश्न वाढले तरी तेच, म्हणून नाक-सायनसच्या त्रासाच्या २२ प्रश्नांच्या 'स्नॉट-२२' या प्रश्नावलीचा अल्फा पाहून हुरळून जाऊ नये.

पुनर्चाचणीला तोच रुग्ण दुसऱ्यांदा लागतो, आणि मधल्या काळात त्याचं नाक बदललेलं नसावं लागतं. खरी अडचण हीच. अंतर साधारण दोन आठवड्यांचं ठेवतात: दोन दिवसांनी विचारलं तर जुनी उत्तरं आठवतात, दोन महिन्यांनी विचारलं तर ऋतू पालटलेला असतो. इजिप्तमध्ये वसंतात खमसीनचे धुळीचे वारे सुटतात. पहिली फेरी त्याआधी आणि दुसरी त्यात झाली, तर आकडा पडतो आणि दोष निष्कारण भाषांतरावर जातो. नाकाचा पडदा वाकडा असलेले, शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेतले रुग्ण यासाठी सोयीचे. मात्र मध्ये स्टेरॉइडचा फवारा सुरू केलेल्यांना वगळावं.

दोन फेऱ्यांचा मेळ पिअर्सनच्या सहसंबंधाने (दोन आकडे सोबतीने वरखाली होतात का, एवढंच पाहणाऱ्या मापाने) काढू नये. दुसऱ्यांदा सगळ्यांचे गुण १० ने वाढले तरी तो पूर्ण १ दाखवतो. आयसीसी (अंतर्वर्गीय सहसंबंध गुणांक) वापरावा, तोही निव्वळ सुसंगतीचा नव्हे, प्रत्यक्ष जुळणीचा. गटांच्या तुलनेला ०.७० चालतो, एकट्या रुग्णाबद्दल बोलायचं तर ०.९० च्या आसपास हवा.

  

अल्फा आणि पुनर्चाचणी यांतला फरक दवाखान्यात जाणवतो. समजा, गुणांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) २० आणि आयसीसी ०.८४ आहे. मापनातली प्रमाण त्रुटी २० × √(१ − ०.८४), म्हणजे २० × √०.१६, म्हणजे ८. तिला १.९६ (९५ टक्के खात्रीसाठी) × √२ (दोन मापनांसाठी) ने गुणलं की सुमारे २२, म्हणजे याहून लहान बदल निव्वळ मापनातल्या चुकीचा असू शकतो. 'नोज'चे गुण पाचाच्या पटीत बदलतात, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रुग्ण ७० वरून ५० वर आला तरी हा बदल मापनातल्या चुकीपलीकडचा आहे असं म्हणता येत नाही. ४५ वर आला तर येतं. अल्फावरून हा हिशोब मांडू नये, कारण दोन दिवसांमधला चढउतार त्यात आलेलाच नसतो.