सोसायटीची कमिटी दुरुस्ती करत नाही? तक्रार कुठे आणि कोणत्या कागदांसह करायची

आमच्या इमारतीतल्या सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी एका सप्टेंबरात मला घरी बोलावलं. हॉलच्या छताला ओल धरलेली, प्लास्टरचे पापुद्रे सुटलेले आणि पंख्याच्या हुकाशेजारून पाण्याची धार. खाली बादली ठेवलेली, आणि रात्री आवाज होऊ नये म्हणून तिच्यात जुना टॉवेल घातलेला. जूनपासून त्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकत होत्या. सेक्रेटरींचं उत्तर दर वेळी एकच, "बघतो." मी विचारलं, लेखी अर्ज दिलाय का? एकही नव्हता.

इथेच बहुतेकांचं अडतं. ग्रुपवरचा मेसेज कमिटीच्या बैठकीत विषय म्हणून येत नाही, इतिवृत्तात त्याची नोंद होत नाही, आणि पुढे कोणत्याही कार्यालयात गेलात तर पहिला प्रश्न येतो, "संस्थेला दिलेल्या अर्जाची पोहोच कुठे आहे?"

ही माहिती महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 लागू होतो आणि 2019 मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी 13-ब हे स्वतंत्र प्रकरण आलं. तुमची संस्था अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असेल तर ती 1970 च्या वेगळ्या कायद्याखाली येते. मेंटेनन्सच्या पावतीवर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, तो आधी बघून घ्या.

तक्रार कोण करू शकतं?

सभासद. म्हणजे ज्यांचं नाव भागप्रमाणपत्रावर, आपण ज्याला शेअर सर्टिफिकेट म्हणतो त्यावर आहे. भाडेकरूला त्रास कितीही होत असला तरी अर्ज घरमालकाच्या सहीने जायला हवा. वडिलांच्या नावावरचं घर अजून तुमच्या नावावर झालेलं नसेल तर ते काम आधी हाती घ्या, नाहीतर तक्रार तिथेच अडते.

आणि एक कळकळीची विनंती. "दुरुस्ती करत नाहीत, मग मी मेंटेनन्स भरणार नाही" हे करू नका. थकबाकीवर उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या कामकाजाच्या नियमांनुसार (बाय-लॉज), वार्षिक 21 टक्क्यांपर्यंत व्याज लागतं, वसुलीची कारवाई तुमच्यावर होते, आणि सुनावणीत कमिटीला आयतं उत्तर मिळतं की हे तर थकबाकीदार आहेत. पैसे वेळेवर भरा. हरकत असेल तर ती पत्रात लिहा.

काम संस्थेचं की तुमचं?

शासनाचे आदर्श उपविधी याबाबत स्पष्ट आहेत. अंतर्गत रस्ते, कंपाउंड वॉल, पाण्याच्या टाक्या आणि पंप, बाहेरचे पाइप, ड्रेनेज, जिने, गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, लिफ्ट, पावसाच्या पाण्याची गळती, हे सगळं संस्थेच्या खर्चाने व्हायचं. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत आणि प्लास्टर खराब झालं तर तेही संस्थेनेच करून द्यायचं. काकूंना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं की आतलं प्लास्टर तुमचं तुम्ही बघा. वरच्या घराच्या बाथरूममधून खालच्या घरात होणारी गळती मात्र वेगळी, तो खर्च संबंधित सदनिकाधारकांचा असतो.

पैसा नाही हे कारण ऐकून गप्प बसू नका. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, 0.25 टक्के, असा हिशेब आदर्श उपविधींत आहे. हे पैसे गोळा होतात का, कुठे ठेवले आहेत आणि शेवटचे कधी वापरले, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांवरची असेल तर दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तांत्रिक तपासणी, व्हायला हवं. त्याचा अहवालही मागा.

पहिला अर्ज

अर्ज सेक्रेटरींच्या नावे आणि एकाच विषयाचा असावा. गळती, पार्किंग, कुत्री आणि वॉचमन एकाच कागदावर आले की गळती मागे पडते. काकूंसाठी लिहिलेला मजकूर असा होता :

"माझ्या सदनिकेच्या हॉलच्या छतातून जूनपासून गच्चीचे पाणी झिरपत आहे. फोटो सोबत जोडले आहेत. ही दुरुस्ती उपविधींनुसार संस्थेने करावयाची असल्याने, येत्या समिती सभेत हा विषय घेऊन निर्णय मला लेखी कळवावा."

दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. अर्ज घ्यायलाच नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा ठेवा. सभासदाचा पत्रव्यवहार न स्वीकारणं ही स्वतंत्र तक्रार होते आणि ती थेट निबंधकांकडे, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, करता येते.

उपविधींनुसार कमिटीने पुढच्या बैठकीत तक्रारीवर निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर 15 दिवसांत तुम्हाला कळवायचा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढचं दार मोकळं होतं.

त्याच सुमाराला कागदपत्रांसाठी दुसरा अर्ज द्या. मागच्या सर्वसाधारण सभेचं आणि कमिटी बैठकांचं इतिवृत्त, लेखापरीक्षित ताळेबंद आणि संस्थेचे उपविधी सभासदाला विनाशुल्क पाहता येतात, ठरलेली फी भरून प्रती मिळतात. ऑडिटमध्ये दोष निघाले असतील तर कमिटीला 'ओ' नमुन्यातला दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. तो मागायला विसरू नका, कारण वर्षानुवर्षं तेच ते दोष पुन्हा येत असतील तर ते तिथेच दिसतं.

पुढचं दार कोणतं?

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. लोक थेट उपनिबंधकांकडे जातात आणि गच्ची दुरुस्त करून द्या म्हणतात. काही महिन्यांनी उत्तर येतं की विषय आमच्या अधिकारात नाही.

कमिटी मालमत्तेची देखभाल करत नाही, हा विषय उपविधींनी आधी सर्वसाधारण सभेकडे दिला आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी निघते, म्हणून आपला विषय त्याआधी लेखी द्या. तोवर थांबणं शक्य नसेल तर एकपंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभेची मागणी करा. मागणी मिळाल्यापासून एक महिन्यात सभा बोलवावी लागते. आमच्या 42 घरांत 9 सह्या लागल्या. सह्यांसमोर सदनिका क्रमांक आणि नाव स्वच्छ लिहा, आणि सही करणारे सगळे सभेला येतील हे बघा. ठरावात काम, खर्चाची मर्यादा आणि पूर्ण करण्याची तारीख हवीच. "लवकरात लवकर दुरुस्ती करण्याचे ठरले" असा ठराव मान्य करू नका.

सभा घेतली नाही, कागद दाखवले नाहीत, हिशेब किंवा ऑडिट झालं नाही, निधीचा गैरवापर दिसतोय, थकबाकीदारच कमिटीवर बसलाय, या तक्रारी निबंधकांच्या. म्हणजे तुमच्या वॉर्डाचे किंवा तालुक्याचे उपनिबंधक अथवा सहायक निबंधक, सहकारी संस्था. अर्जाला भागप्रमाणपत्राची प्रत, मेंटेनन्सची ताजी पावती, संस्थेला दिलेल्या अर्जांच्या पोहोच, आलेलं उत्तर आणि संबंधित उपविधीचं पान जोडा. प्रकरण पैशांचं आणि गंभीर असेल तर एकपंचमांश सभासदांना 1960 च्या अधिनियमाच्या कलम 83 खाली चौकशी मागता येते. चौकशीत नुकसान सिद्ध झालं तर कलम 88 खाली ते जबाबदार व्यक्तींकडून वसूल होऊ शकतं.

संस्थेने निबंधकांकडे काय सादर केलंय ते निबंधक कार्यालयातून माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येतं. सोसायटीकडे मात्र तो अर्ज टाकू नका, ती खासगी संस्था असल्याने बहुतेक वेळा फेटाळला जातो.

ठराव होऊनही काम झालं नाही, किंवा सभेनेच गळती तुमच्या माथी मारली, तर दुरुस्ती आणि गळतीचे वाद कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातात. तिथे वकील घ्यावा असं मी सांगेन. इमारत धोकादायक वाटत असेल तर त्याच वेळी महापालिकेकडेही लेखी कळवा.

सहकार न्यायालयात अंतिम निकालाला वर्षं लागू शकतात, म्हणून दाव्यासोबतच तातडीच्या दुरुस्तीसाठी अंतरिम आदेश मागा, आणि अर्ज फेब्रुवारी-मार्चपर्यंत दाखल होईल असं बघा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग उन्हाळ्यातच होतं. आदेश जुलैत हाती आला तर ठेकेदार पाऊस थांबेपर्यंत कामाला हात लावत नाही.