लॅक्रॉस आणि १८५९ ची दंतकथा
१८५९ साली कॅनडाच्या संसदेने लॅक्रॉसला (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा सांघिक खेळ) राष्ट्रीय खेळ ठरवलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अहो, पण आजच्या कॅनडाचं संघराज्यच १८६७ साली जन्मलं! कायदा झाला तो थेट १९९४ मध्ये: हिवाळ्यात आइस हॉकी, उन्हाळ्यात लॅक्रॉस. (आपल्या हॉकीच्या पाठीशी तर असा कायदाही नाही.)

खरी गंमत पुढेच. १९३१ च्या सुमारास, उन्हाळ्यात ओस पडणारी आइस हॉकीची स्टेडियम भरावीत म्हणून लॅक्रॉस छताखाली आला. त्यात आता गोलरक्षक धरून एका बाजूला सहा खेळाडू. आणि आजच्या नॅशनल लॅक्रॉस लीगचा व्यावसायिक हंगाम? तो सुरू होतो ऐन हिवाळ्यात, अनेक ठिकाणी हॉकीच्याच बर्फावर कृत्रिम गवत अंथरून.